कोपरापर्यंतची रोटी

१० मार्च, मंगळवार

डायरी लिहायची मले काही सवय नाही. ही विम्याच्या एजंटानं दिली होती, दोन वर्षं टीव्हीखाली पडून होती. आज दवाखान्यातून घरी आली. डावा हात झोळीत, उजवा रिकामा, अन् माझी बडबड ऐकायले घरात कोणी तयार नाही. मग कागदालेच ऐकवते.

होळी झाली की नागपुरात घरोघरी कूलर निघतात. आमच्या ह्यायनं, म्हणजे शालिकराम, माझे मालक, कूलर काढला अन् त्याच्या जाळ्यांतली खस बदलायले माणूस येईल म्हणून वाट पाहत बसले. माणूस येईपर्यंत मी थांबणार आहे का? स्टुलावर चढली, स्टुलाचा एक पाय सरकला, अन् मी खाली, डाव्या कोपरावर. ऑपरेशन झालं, आत पट्टी अन् स्क्रू टाकले. खस अजून जुनीच आहे.

डॉक्टर म्हणाले, कोपर ही मोठी हट्टी जागा, आखडलं तर आखडलं. मी विचारलं, रोटी करता येईल ना? माणूस बाहेरगावचा, त्याले लंबी रोटी माहीत नाही. मग सगळं सांगत बसली. पीठ एकदम सैल मळायचं, आपटून आपटून लोण्यासारखं करायचं. गोळा हातावर घ्यायचा, या हातावरून त्या हातावर टाकत राहायचा. रोटी आपल्या वजनानं उतरत जाते, कोपरापर्यंत आली की चुलीवर उपडं घातलेल्या मडक्यावर पांघरायची. लाटणं नाही, पोळपाट नाही. दोन्ही कोपरं सरळ होत नसतील तर रोटीही नाही. आमच्या सक्करदऱ्यात कोणालेही विचारा, सुभद्राबाईची रोटी कशी असते ते.

डॉक्टर म्हणाले, "पोळ्या करता येतील तुम्हाला."

पोळ्या. पोळ्या तर आमचे हेही करतात.

१४ मेले काटोलले खुशीचं लग्न आहे. माझ्या भावाची, धोंडबा दादाची एकुलती एक पोरगी. लहानपणी माझ्या मडक्यापाशी बसून विचारायची, "आत्या, माह्या लग्नात रोटी कोन करन?" मी म्हणायची, "मीच करीन, कोपरापर्यंत." दर सुट्टीत विचारायची, दर सुट्टीत मी तेच सांगायची. आता पोरगी विचारत नाही, धरून चालते. अन् माझा हात पाहा कसा पडला आहे.

१२ मार्च

आज मशीन आली. सदर बाजारातल्या एका दुकानातून भाड्यानं. सोबत हिमानी मॅडम, फिजिओथेरपीवाली. मॅडम म्हणायचं म्हणून म्हणते, वयानं माझ्या पोरीसारखी आहे.

मशीनले एक लांब खाच आहे, गादी लावलेली. त्यात हात ठेवून पट्ट्या बांधतात. बटण दाबलं की मशीन हात हळूहळू वाकवते, हळूहळू सरळ करते, परत वाकवते. आपण काहीच करायचं नाही. डब्यावर आकडे आहेत, कुठपर्यंत वाकवायचं अन् कुठपर्यंत सरळ करायचं त्याचे. हिमानीनं आकडे लावले अन् म्हणाली, "काकू, आकड्यांना मी सोडून कोणी हात लावायचा नाही. दुखायला लागलं तर हे लाल बटण दाबायचं, मशीन थांबते. ती ताकद लावायला नाहीये. हाताला हलायची आठवण राहावी म्हणून आहे."

पहिल्या फेरीले माझा जीव वरखाली झाला. दुसऱ्या फेरीले कळलं की दुखत नाही. तिसऱ्या फेरीले मले हसू आलं. आयुष्यात पहिल्यांदा माझा हात काम करून राहिला अन् मी आरामात बसली आहे.

ह्यायनं मशीनचं नाव जावई ठेवलं. म्हणतात, "बरोबर हाय. पलंगावर बसून राहते, सगळ्यांनी त्याच्याकडंच पाह्यचं, अन् कोनी काही म्हनायचं नाही."

१५ मार्च

घोळ झाला. आजच्या तारखेची रोटीची ऑर्डर मी पडायच्या आधीच घेऊन ठेवली होती. वाढदिवसाचं जेवण. मी म्हणलं, नाही म्हणून कळवा. काजल म्हणाली, "आई, मी करून पाहू का?"

काजल माझी सून. माझ्या पोराची, जितेंद्रची बायको. माहेर कामठीचं, घरात पॉवरलूम. लग्न होऊन तीन वर्षं झाली, पण मडक्यापाशी मी तिले येऊ दिलं नाही. कशाले? पीठ वाया जाते.

ह्यायनं एक्स्टेन्शन बोर्ड ओढून जावयाले मागच्या पडवीत नेलं, चुलीसमोर. मी खुर्चीत, हात मशीनमध्ये बांधलेला, अन् समोर सूनबाई पिठाशी मारामारी करून राहिली. पहिली रोटी मनगटावरच फाटली. दुसरी मडक्यावर पडायच्या ऐवजी चुलीत पडली. मी उठायले गेली तर पट्ट्यांनी मागं ओढली.

"काहून घाई करते वं?" मी म्हणलं. "ओढू नको. तिले आपल्या वजनानं उतरू दे. तू फक्त हात दे."

"उतरतच नाही ना आई."

"उतरते. तू थांबत नाही म्हणून उतरत नाही."

ऑर्डरवाल्याले शेवटी हॉटेलातून रोट्या आणून दिल्या. माझं नाव गेलं.

१९ मार्च, पाडवा

गुढी ह्यायनं उभारली, वाकडी. हिमानी सणाच्या दिवशीही येऊन गेली. हात मोजला अन् म्हणाली, छान आहे, थोडं पुढे गेलं. मले तर काहीच पुढं गेलेलं दिसत नाही. तिच्या 'थोडं'नं मे महिन्यापर्यंत काही व्हायचं नाही.

काजलनं परत केल्या. चार फाटल्या, एक राहिली. राहिली ती कशी होती म्हणून विचारलं तर हे म्हणाले, "खाल्ली मी." म्हणजे पाहण्यासारखी नसन.

२३ मार्च

खरं लिहिते, इथं कोण वाचणार आहे. काल दुपारी घरात सामसूम होती, हे पेपर वाचत बसले होते. मी उजव्या हातानं सरळ करायचा आकडा वाढवला. चांगला वाढवला. दोन फेऱ्यांत डोळ्यांपुढं काजवे चमकले. तरी दात आवळून बसली. दुखल्याशिवाय हात मोकळा होते का कधी? ह्यायनं पेपरातून मान वर केली नाही, म्हणजे कळलं नसन.

संध्याकाळी कोपर सुजलं. कूलरचा वारा लागला.

२४ मार्च

अजब आहे. मी वाढवलेला आकडा सकाळी पाहते तर परत मागं, हिमानीनं लावला होता तिथंच. परत वाढवला.

२५ मार्च

परत मागं. ह्यायले म्हणलं, "तुम्ही टेलिफोन खात्यात होते, जरा पाहा ना, मशीनमध्ये काय बिघाड हाय." ह्यायनं चष्मा लावला, डबा उलटा केला, सुलटा केला, फुंकर मारली अन् म्हणाले, "गरम झाली का आपोआप मागं येते. नागपूरचं ऊन हाय, मशीनले बी सहन नाही होत."

भाडं मोजून घेतात अन् माल असा देतात. दुकानदाराले एकदा चांगलं ऐकवणार आहे.

काजलच्या रोट्या आज शेजारच्या उत्तराबाईनं नेल्या. मी झोपली होती, पाहायले मिळाल्या नाही. उत्तराबाई भिंतीवरून म्हणाली, "वा." ती सगळ्यालेच वा म्हणते.

२ एप्रिल

लिहावंसं वाटलं नाही इतके दिवस. मशीन तेवढीच, हात तेवढाच. वाकते बऱ्यापैकी, चहाचा कप तोंडापर्यंत येते. पण सरळ म्हणून होत नाही. समोर हात करते तर कोणाले काही मागून राहिल्यासारखा दिसते. आकडा वाढवून पाहायचा मी सोडला, रोज वाढवा अन् रोज मागं, कोण डोकं लावणार.

रात्रीच्या जेवणाले खुशीचा फोन. पत्रिका छापून आली म्हणाली. "आत्या, मडकं अठीच घेऊन ठेवू का, का तू तुह्यंच आनते?"

मी म्हणलं, "माह्यंच आनीन." फोन ठेवला अन् मोरीत जाऊन रडली. भीती वाटते. रोटी जमली नाही तर मग मी कोण?

५ एप्रिल, रविवार

आज धोंडबा दादा काटोलहून एसटीनं आला. संत्र्याची पेटी अन् सोबत एक माणूस. काटोलकडचाच, मोडल्या हाडावरून हात फिरवतो म्हणे, तिकडं लोक रांगा लावतात. बाटलीत लसूण घातलेलं तेल.

दादा मशीनकडं पाहून हसला. "हे काय गा पाळण्यात घातलं बहिनीले? असं गोंजारून हाड मोकळं होते का कुठं? रग लावा लागते."

माझ्या मनातलंच बोलला. हे सदरले औषधं आणायले गेले होते, तेवढ्यात उरकून घेऊ म्हणलं. काजल चुलीपाशी होती. म्हणाली, "आई, मॅडमले एक फोन करू का?" मी म्हणलं, "तू आपल्या गोळ्याकडं पाह्य."

त्या माणसानं तेल चोपडलं अन् असा काही रगडला हात, की आई आठवली. मग दंड धरला, मनगट धरलं अन् ओढलं. दादानं मले मागून धरून ठेवलं. मी डोळे घट्ट मिटले, उघडले, तर समोर काजल रोटी खेचून राहिली, घाबरल्यासारखी. मी तशीच ओरडली, "ओढू नको वं! फाटते ती. कितीदा सांगू, जबरदस्ती नाही करायची, तिले वेळ दे."

काजल माझ्याकडं पाहतच राहिली. रोटी फाटली ती फाटलीच. कधी शिकणार काय माहीत.

जाताना तो माणूस म्हणाला, रोज पिठाची थैली मनगटाले टांगून बसा, वजनानं हात सरळ होईन. काजलले थैली बांधून द्यायले लावली. बरं वाटून राहिलं, काही तरी केल्यासारखं.

६ एप्रिल

हात भोपळ्याएवढा. गरम लागते. थैली सोडली.

७ एप्रिल

हिमानी दारातून आत आली अन् तिथंच थांबली. "काकू, लसणाचा वास कुठून येतोय?"

मी म्हणलं, भाजीचा.

तिनं पदर बाजूले केला, कोपर पाहिलं अन् खालीच बसली. ओरडली नाही. ओरडली असती तर मी चार शब्द परत दिले असते. हळूच म्हणाली, "कोपर चोळलं ना काकू, तर आतल्या मांसात नवीन हाड धरू शकतं. नको त्या जागी. मग हात कायमचा अडकतो. मशीनही काही करू शकत नाही."

हे रिक्षा आणायले धावले. दवाखान्यात एक्स-रे काढला. डॉक्टर फोटो उजेडात धरून इतका वेळ पाहत होते की मी मनातल्या मनात सगळे देव पाण्यात घातले. शेवटी म्हणाले, "वाचलात. अजून तरी काही दिसत नाही. आठवडाभर मशीन बंद, बर्फ लावा, मग परत सुरुवातीपासून."

सुरुवातीपासून. परतीच्या रिक्षात हे माझा धड हात धरून बसले होते. टेकडी गणपतीच्या वळणावर म्हणाले, "वं, तू नुसती बसली तरी मले चालते." मी म्हणलं, मले नाही चालत. पण हात काढून घेतला नाही.

११ एप्रिल

सूज उतरली. दादाचा फोन आला, त्याले कोणीतरी, बहुतेक ह्यायनंच, चांगलं झापलं आहे. संत्र्याची आणखी एक पेटी पाठवतो म्हणे. संत्री देऊन राग घालवायची ही आमच्या माहेरची जुनी पद्धत आहे. मी म्हणलं, पाठव.

१५ एप्रिल

आजपासून जावई परत कामावर. आकडा एकदम मागचा. मी त्याच्याकडं पाहिलंही नाही.

हिमानी मुद्दाम थांबली, तिले रोटी कशी करतात ते पाहायचं होतं. काजलनं पीठ आपटलं, मी सांगत गेली. "पाहा मॅडम, हे पीठ हट्टी असते. याच्याशी जबरदस्ती केली की रुसते, फाटून जाते. हातावर नुसतं हलवत राहायचं, इकडून तिकडं, इकडून तिकडं, हळू. मग ते आपोआप मोकळं होते, आपल्याले कळतही नाही अन् ते कोपराशी…"

मधेच थांबली मी. हात मशीनमध्ये इकडून तिकडं, हळू, जाऊन राहिला होता. पुढं काय सांगायचं होतं ते विसरलीच.

काजलनं गरम रोटी रुमालासारखी घडी करून हिमानीच्या ताटात टाकली. तिनं वांग्याच्या रश्श्यात बुडवून दोन खाल्ल्या अन् तिसरी मागितली. भुकेली असन बिचारी.

१९ एप्रिल

अक्षय तृतीया. पितरांचं ताट काजलनं वाढलं. त्यात रोटी होती. मी पाहिली, कडेले जरा जाड होती. पण सासूबाई असत्या तर त्याही एवढंच म्हणाल्या असत्या.

३० एप्रिल

मशीन परत द्यायचा दिवस. हिमानी म्हणाली आता तिची गरज नाही, पुढचं हातानं स्वतः करायचं. हात जवळजवळ सरळ होते. जवळजवळ. थोडा बाक आहे तो आहेच. हिमानी म्हणाली, "तो कदाचित महिन्यांनी जाईल, कदाचित राहील. मी खोटं नाही सांगणार काकू." मले ते आवडलं.

दुकानाचा माणूस आला. ह्यायनं जावयाले टॉवेल-टोपी अन् नारळ दिला, मशीनच्या डब्यावर ठेवून हात जोडले. तो माणूस आधी बावचळला अन् मग पोट धरून हसला. मी मात्र विषय काढलाच. म्हणलं, मशीन गरम झाली की आकडा मागं येते तुमचा, दुसऱ्याले देताना दुरुस्त करून द्या. त्यानं तिथंच लावून दाखवली. म्हणाला, "काकू, मशीन एकदम ठीक हाय. आकडा आपोआप कधीच मागं येत नाही. कोनी केला तरच."

मी ह्यायच्याकडं पाहिलं. ह्यायले त्याच वेळी एक्स्टेन्शन बोर्डची वायर गुंडाळायची फार घाई झाली होती. दुकानदार काय, आपला माल खराब आहे म्हणून कधी सांगन का.

पलंग रिकामा रिकामा वाटून राहिला.

१० मे

हिमानीनं परवानगी दिली. वजन उचलायचं नाही, पण एक रोटी करायले हरकत नाही, एकच, अन् घाई न करता. मी अजून गोळ्याले हात लावला नाही. काजल म्हणते घरी एकदा करून पाहा. नाही पाहत. घरी फाटली तर काटोलले जायले पायच निघणार नाही.

१५ मे, काटोल

काल लग्न झालं. लिहायले आज सवड मिळाली. दादाच्या अंगणात पाहुणे अजून झोपले आहेत, मी चहा घेऊन बसली आहे.

हळदीच्या जेवणाले, परवा संध्याकाळी, मागच्या आवारात चूल लावली, वर आमचं मडकं. काजल सुरू झाली. मी बाजूले खुर्ची टाकून बसली, चुका काढायच्या तयारीनं. पहिली रोटी तिच्या हातावरून उतरली, मनगट, मग पुढं, मग कोपर, अन् मडक्यावर पांघरली. दुसरी तशीच. तिसरी. वाढपी येऊन राहिले, नेऊन राहिले. पंगतीतून कोणीतरी ओरडलं, "सुभद्राबाईच्या रोट्या येऊ द्या इकडं!" काजलनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं, घाबरून. मी म्हणलं, "पाहते काय, दे ना त्यायले." एवढे दिवस हिच्या रोट्या मले दिसायच्या आधीच का संपत होत्या, ते तेव्हा कळलं.

मग खुशी आली. हळदीनं पिवळी झालेली, येऊन मडक्यापाशी खाली बसली, लहानपणी बसायची तशीच. विचारलं काहीच नाही.

मी हात धुतले. काजलनं गोळा माझ्या हातावर ठेवला. उजवा हात आपलं काम विसरला नव्हता. डाव्यावर टाकला, परत उजव्यावर, परत डाव्यावर. रोटी मनगटापर्यंत आली. पुढं आली. मग डाव्या हाताच्या त्या बाकापाशी थांबली. थांबली ती हलेचना. आवारात सगळे पाहत होते, दादा, हे, स्वयंपाकाच्या बाया. माझे कान गरम झाले. वाटलं, धरावी कडेले अन् एक झटका द्यावा. बोटं गेलीच होती तिकडं.

"ओढू नका, आई," काजल मागून म्हणाली, एकदम हळू. "तिले वेळ द्या. तुम्ही फक्त हात द्या."

मी बोटं सोडली. खांदा थोडा खाली केला अन् उभी राहिली. चुलीतलं लाकूड तडतडलं. मग रोटी हलली, जरा, मग आणखी जरा, बाकावरून वळसा घेऊन उतरली अन् कोपराशी गार लागली. मले दिसलं नाही, डोळे भरले होते. मी तशीच वळली अन् मडक्यावर टाकली.

वाकडी झाली. एक बाजू लांब, एक आखूड. खुशीनं ती कोणालेच दिली नाही. तिथंच बसून, हळदीच्या हातानं, सगळी खाल्ली, अन् म्हणाली, "आत्या, कोपरापर्यंत होती. मी पाह्यली."

दुसरी करायले मी गेली नाही. गोळा काजलच्या हातात दिला अन् चुलीच्या या बाजूले तिच्या शेजारीच बसली.

रात्री ह्यायले म्हणलं, "ऊन तर आजबी तेवढंच होतं. हात काहून मागं नाही आला?" हे म्हणाले, "चांगल्या कंपनीचा असन," अन् कूस बदलून झोपले. हसून राहिले होते, पाठ हलत होती.

आज संध्याकाळच्या बसनं निघायचं आहे. नागपूरले गेली की आधी कुंभाराकडं जाऊन दुसरं मडकं आणायचं. एका मडक्यावर आमचं दोघींचं भागत नाही.